आधी आडात पाहा

संपादक महाशयांस,

सातारा-सांगलीच्या काळ्या कातळाखालचे तेल नॅनोकणांच्या साह्याने उपसता येईल, हा आपल्या गेल्या अंकातील बिनदिक्कत मजकूर वस्तुस्थितीस सोडून आहे. कोयनेजवळ गोठणे येथे केंद्र सरकारने २०१७ साली पुरे केलेल्या तीन किलोमीटर खोल विवरात, सुमारे सव्वा किलोमीटर कातळ संपताच थेट ग्रॅनाइटजातीचा पाषाण लागला. तेल साचावे असा गाळाचा खडक मध्ये आढळलाच नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? सिलिकाचे हे नॅनोकण खडकास चिकटून राहिलेले तेल सुटे करतात, इतकेच. त्यांच्या वापराचा विचार करावयाचाच तर समुद्रातील मुंबई हाय तेलक्षेत्राच्या चुनखडकाचा करावा. मात्र खाऱ्या, उष्ण पाण्यात हेच कण एकत्र गोळा होऊन छिद्रे बुजवू शकतात, ही प्रयोगशाळांतून वारंवार दिसलेली अडचण लेखकमहाशयांनी का गाळली, याचा खुलासा व्हावा.

आपला,
एक वाचक, सांगली