फेरफाराची नोंद हवीच!

ज्या संगणकप्रणालीची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, सुधारता येते आणि दुसऱ्याला देता येते, तिला मुक्तस्रोत म्हणतात. तिचे गुणगान आपण पुष्कळ ऐकतो. परंतु अशा प्रकल्पाचे संकेतस्थळ कसे उभारावे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. संहिता सर्वांना खुली आणि संकेतस्थळाची किल्ली एकाच्याच खिशात, ही विसंगती नव्हे काय? संकेतस्थळही संहितेइतकेच खुले असावे आणि त्यातील प्रत्येक बदलाची नोंद राहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. वडिलांचे शिक्षण बेताचे. पण सातबारा त्यांना अचूक वाचता येतो. त्यावरील नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो. त्यावरून फेरफार नोंदवही पाहिली, की ते नाव कधी आणि खरेदीने, वारसाने की वाटणीने लागले, हे कळते. नोंद घातली की संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच ती पक्की होते. जमिनीच्या तुकड्यासाठी एवढी दक्षता, मग सर्वांच्या सामाईक ज्ञानासाठी का नको?

संगणकाच्या जगात हे काम ‘गिट’ करते. लिनक्सचे विकासक पूर्वी एका कंपनीची प्रणाली वापरीत. २००५ साली तिचा विनामूल्य वापर बंद झाला, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःच गिट लिहावयास घेतले. तेही मुक्तस्रोतच आहे.

गिटच्या आधारे संकेतस्थळ उभारण्याची रीत अवघड नाही. पाने साध्या मजकुरात लिहावयाची आणि गिटच्या कोठारात ठेवावयाची. प्रत्येक बदल, म्हणजे ‘कमिट’, करणाऱ्याचे नाव, वेळ आणि कारण यांसह नोंदला जातो. नवा माणूस वेगळ्या शाखेत काम करून प्रस्ताव पाठवितो; इतर जण जुनी आणि नवी ओळ शेजारी ठेवून वाचतात, हरकत घेतात, आणि मगच तो बदल मुख्य शाखेत मिसळतो. पुढे जेकिलसारखी प्रणाली त्या मजकुराची पाने घडविते आणि ती आपोआप प्रसिद्ध होतात. प्रत्येक कमिटची ओळख आधीच्या कमिटशी गुंफलेली असल्यामुळे जुनी नोंद गुपचूप बदलता येत नाही.

डेबियन या १९९३ पासूनच्या प्रकल्पाचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या संकेतस्थळाचे अनुवाद स्वयंसेवक करतात. अनुवादित पानाच्या मूळ मजकुरात, तो कोणत्या आवृत्तीवरून केला, याची खूण असते. मूळ पान पुढे गेले, की अनुवाद मागे पडल्याचे लगेच ध्यानी येते. भाषेच्या विद्यार्थ्याने हेवा करावा अशी ही शिस्त आहे.

यावर आक्षेप येतील. गिटच्या आज्ञा इंग्रजीत आहेत आणि नवख्याला त्या बुजवितात, हे खरेच आहे. पण अशा आज्ञा मोजक्याच लागतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अनेक प्रकल्प ज्या गिटहबवर नांदतात, ते २०१८ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे आहे. मग स्वातंत्र्य कुठे राहिले? उत्तर असे, की कोठाराची प्रत घेणाऱ्या प्रत्येकाकडे सामान्यतः सगळा इतिहासही येतो. घरमालक बदलला, तरी बिऱ्हाड हलविता येते.

मित्रहो, ‘आम्ही कला शाखेचे, आमचा येथे काय संबंध?’ असे म्हणू नका. संकेतस्थळ म्हणजे अखेर भाषाच. परिचय, सूचना, अनुवाद, शुद्धलेखन ही कामे आपलीच आहेत. इथे तुमचे गाव किंवा तुमच्या वडिलांचा हुद्दा कोणी विचारीत नाही. एका चुकलेल्या वेलांटीची दुरुस्तीही तुमच्या नावाने नोंदली जाते. ज्यांच्या घराण्याचे नाव आजवर फक्त सातबाऱ्यावर होते, त्यांनी तरी ही संधी दवडू नये. आपल्या महाविद्यालयातील मराठी आणि संगणक या दोन विभागांनी मिळून येत्या सत्रात एखाद्या मुक्तस्रोत प्रकल्पाची पाने मराठीत आणावयास घ्यावीत, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे.