समुद्रात लाल बाण म्हणजे ‘वाचवा’

मंडळी, दिवाळी तोंडावर आली. बोटी बंदराला लागतील, इंजिनाला हळद-कुंकू लागेल, नारळ फुटेल आणि पोरं फटाके काढतील. फटाके उडवूच नका, असं मी सांगत नाही. वर्षभर पाण्यात राबणाऱ्या खलाशाने चार दिवस मजा केली तर कोणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. पण दोन गोष्टी आपण ठरवून बंद केल्या पाहिजेत. एक, बोटीवरून फटाके उडवणं. दुसरी, मुदत संपलेले फ्लेअर दिवाळीत ‘खपवणं’.

गेल्या दिवाळीत आम्ही हजिऱ्याकडे परत येत होतो. अंधार पडलेला, ओहोटीला जोर. लांबवर आकाशात लाल बाण फुटला. थोड्या वेळाने दुसरा, मग तिसरा. तांडेलाने एक शब्द न बोलता बोट वळवली. खंबातच्या आखातात ओहोटीच्या वेळी रेतीच्या पट्ट्यांमधून उलटं जाणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. तासाभराने पोचलो, तर बोट ठणठणीत आणि पोरं हसतायत. भांडण केलं नाही. येताना तांडेल एवढंच म्हणाला, “पुढल्या टायमाला लाल दिसलं तर वळू का नको, तूच सांग.”

मला उत्तर देता आलं नाही. नुकसान डिझेलचं नाही, विश्वासाचं आहे.

समुद्रावरच्या वाहतुकीचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यात संकटाच्या खुणा ठरवून दिल्या आहेत: थोड्या थोड्या वेळाने एकेक सोडलेला लाल तारे टाकणारा बाण, लाल हातफ्लेअर, नारिंगी धूर, बोटीवरच्या ज्वाळा, इतकंच काय, साधारण मिनिटा-मिनिटाने केलेला स्फोटाचा आवाजसुद्धा. संकट नसताना या खुणा करायला मनाई आहे. त्यांच्यासारखं दिसेल असं दुसरं काही करायलाही मनाई आहे. म्हणजे मजेत सोडलेला लाल बाण आणि दमादमाने फोडलेला सुतळी बॉम्ब, दोन्ही त्यात आले. पॅराशूट फ्लेअर 300 मीटर उंच जातो आणि 40 सेकंद जळतो. तेवढ्या वेळात कोणीतरी बघावं म्हणूनच तो बनवलाय.

दुसरी भीती आगीची. 19 नोव्हेंबर 2023 च्या रात्री विशाखापट्टणमच्या मासेमारी बंदरात आग लागली आणि सुमारे 40 बोटी जळाल्या. ती फटाक्याने लागली नव्हती. पण बोटीला बोट बांधलेली, आत डिझेल, गॅसचे सिलिंडर, नायलॉनची जाळी, फायबर. आपल्या जेटीवर दिवाळीत यापेक्षा वेगळं काय असतं? एक ठिणगी पुरे. कर्ज फेडायला दहा वर्षं, राख व्हायला एक रात्र.

आता जमिनीवरचं. सुप्रीम कोर्टाने 23 ऑक्टोबर 2018 ला सांगितलं: दिवाळीत रात्री 8 ते 10 एवढीच वेळ, फटाक्यांच्या माळा बंद, बेरियम असलेले फटाके बंद, ऑनलाइन विक्री बंद. हिरवे फटाके घ्या, त्यांचं सूत्र नागपूरच्या नीरी संस्थेने काढलंय. इस्पितळ, शाळा, कोर्ट यांच्यापासून 100 मीटरच्या आत फोडू नका. सुरतेत पोलीस आयुक्तांचा जाहीरनामा निघतो, त्यातली वेळ आणि बंदीच्या जागा वाचून घ्या. निष्काळजीपणे स्फोटक वापरलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 288 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि जाळ्यांच्या खोलीत फटाक्यांची खोकी भरून ठेवू नका. 1 एप्रिल 2025 ला आपल्याच गुजरातेत डीसाला फटाक्यांच्या गोदामात स्फोट होऊन 21 माणसं गेली. पोटासाठी आलेले मजूर होते, आपल्या खलाशांसारखेच.

काही जण म्हणतील, सण समुद्रात आला तर पोरांनी करायचं काय? बोटीवर गोडधोड करा, गाणी लावा, घरी व्हिडिओ कॉल करा. किनाऱ्यावर आलात की जेटीपासून लांब, मोकळ्या जागेत, बाजूला पाण्याची बादली आणि रेती ठेवून हवे ते भुईनळे लावा. पोरांच्या हातात बाण देऊ नका.

बोटमालकांना वेगळी विनंती. फ्लेअरवर मुदत छापलेली असते, ती दिवाळीच्या आधी तपासा. संपली असेल तर नवे घ्या. जुने कुठे जमा करायचे ते विकणाऱ्याला किंवा मत्स्य खात्याच्या कचेरीत विचारा, खलाशांच्या हाती सोडू नका. आणि तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर केबिनमध्ये मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

उद्या आपल्याच पोराची बोट बुडत असेल, तो शेवटचा फ्लेअर पेटवेल, तेव्हा लांबच्या तांडेलाने “फटाके असतील” म्हणून मान फिरवू नये. त्यासाठी एवढं करा.

शुभ दीपावली.