काडेपेटी भिजली तर?

एका उपासिका भगिनीचे पत्र आमच्याकडे आले आहे. त्यांचा नववीतला मुलगा शाळेच्या शिबिराला जाऊन आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने चाळीच्या मागे पोरे जमवून सेलवर कागद पेटवून दाखवला. शेजारच्या आजी म्हणाल्या, "काडी नाही, पेटी नाही, मग विस्तव आला कुठून? पोराला काही बाधले तर नाही ना?" वडिलांनी विचारपूस न करता दोन लगावल्या. "यात खरे काय, आणि पोराला काय सांगू?" असे भगिनी विचारतात. पत्र चार ओळींचे असले तरी प्रश्न लहान नाही, म्हणून या वेळचे सदर त्यालाच देत आहोत.

यात बाधा नाही आणि भानामतीही नाही. (आपल्याकडे टॉर्चला बॅटरी आणि बॅटरीला सेल म्हणतात. आम्हीही तेच शब्द वापरतो.) सेलमधल्या रसायनांतून वीज निर्माण होते. इटलीतील व्होल्टा या शास्त्रज्ञाने १८०० साली धातूंच्या चकत्यांची चवड रचून ही युक्ती जगापुढे मांडली. वीज तारेतून वाहू लागली की तार तापते. जाड तार तापलेली कळतही नाही, पण बारीक तार लाल होते. घरातला फ्यूज याच तत्त्वावर चालतो. तिथे मुद्दाम बारीक तार घातलेली असते, वीज जास्त झाली की ती वितळते आणि घर वाचते.

मुलाने च्युइंगगमचा चांदीचा कागद घेतला असणार. (सिगारेटच्या पाकिटातलाही चालतो, पण मग तो खिशात कसा आला, हा वेगळा प्रश्न निघेल.) या कागदाला एका बाजूने धातूचा पातळ पापुद्रा असतो. त्याची पट्टी मध्यभागी अगदी निमुळती कापून दोन टोके पेन्सिल सेलच्या दोन टोकांना लावली की वीज त्या अरुंद जागेतून जाताना धातू तापतो आणि पाठचा कागद पेट घेतो. दीड व्होल्टचा एक ताजा सेल त्याला पुरतो. उतरलेल्या सेलने होत नाही.

भांडी घासायच्या तारेनेही आग लागते असे मुले सांगतात. ते अर्धेच खरे आहे. आपल्या मोरीवरची चकचकीत गुंडाळीची घासणी पेटत नाही. फर्निचर पॉलिश करणारे कारागीर स्टील वूल म्हणून केसासारख्या लोखंडी तंतूंचा जो पुंजका वापरतात, तो सेल टेकवताच निखाऱ्यासारखा धुमसतो. गंमत अशी की जळल्यावर तो हलका न होता जड होतो, कारण हवेतला प्राणवायू लोखंडाशी जोडला जातो. शाळेत तराजू असेल तर गुरुजींनी हे जरूर दाखवावे.

काडीशिवाय विस्तव पाडून पोट भरणारे बुवा आजही आहेत. त्यांच्या हातातले 'तूप' हे ग्लिसरीन असते आणि होमकुंडात पोटॅशियम परमँगनेटची भुकटी आधीच टाकलेली असते. काश्यप बंधूंनी अग्निपूजा सोडून तथागतांचा धम्म स्वीकारला, हा प्रसंग बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये सांगितला आहे. आपल्या घरात विस्तवाला कोणी भ्यायचे असेल तर ते भाजण्याला भ्यावे.

तेव्हा भगिनींनो, मुलाला मारू नका. तो शिकला ते बरोबर शिकला, जागा मात्र चुकली. चाळीत पत्रा, प्लास्टिक, वाळत घातलेले कपडे आणि गॅसची टाकी हाताच्या अंतरावर असतात. हा प्रयोग मोकळ्या मैदानात, पाण्याची बादली जवळ ठेवून, मोठ्या माणसासमोर आणि सुती कपडे घालून करावा. रविवारी विहाराच्या अंगणात वडिलांनीच त्याला तो करायला लावला तर आम्हाला अधिक आनंद होईल.

आता याचा खरा उपयोग कुठे, ते पाहू. डोंगरात पावसाने गाठले, कपडे ओले झाले, थंडीने शरीर थरथरू लागले आणि काडेपेटीचा लगदा झाला, तर सेल कामाला येतो. कागद दोन सेकंदांत विझतो, म्हणून आधी कोरडा कापूस, नारळाच्या शेंडीचे धागे, मेण चोळलेली चिंधी असे काही तयार हवे. पण आमचे स्पष्ट मत असे की ही शेवटची युक्ती समजावी. वंदनेतून उरलेला मेणबत्तीचा तुकडा आणि काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पिशवीत टाकली, तर सेलशी खटाटोप करण्याची वेळच येत नाही. काड्यांची टोके वितळलेल्या मेणात बुडवून ठेवली तर त्या ओल्या हवेतही टिकतात. हे मात्र मोठ्यांनी करावे, आणि मेण गरम पाण्यात भांडे ठेवून वितळवावे.

पुरात तर सेल विस्तवासाठी मुळीच खर्चू नये. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचे पाणी आपल्या महाडात शिरले, तेव्हा वीज गेली आणि मोबाईल बंद पडले. अशा रात्री माळ्यावर अडकलेल्या कुटुंबाला आगीपेक्षा उजेड मोलाचा असतो. बॅटरी मिनिटात सहा वेळा लुकलुकवायची, मग एक मिनिट थांबायचे आणि पुन्हा सहा वेळा. हा संकटाचा इशारा डोंगरातले बचाव पथक ओळखते. फोन चालू असेल तर ११२ लावावा.

मोबाईलची किंवा पॉवर बँकेची बॅटरी भोसकून आग करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. तिच्यात लिथियम असते. ती एकदा भडकली की आवरत नाही आणि तिचा धूर विषारी असतो.

घरात आणखी एक काम करावे. माइकमध्ये किंवा वायरमनच्या मीटरमध्ये असतो त्या चौकोनी ९ व्होल्टच्या सेलची दोन्ही टोके एकाच बाजूला असतात. तो किल्ल्या, नाणी, टाचण्यांच्या डब्यात पडला तर डबाच तापतो. त्याच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी. संपलेले सेल चुलीत किंवा शेकोटीत टाकू नयेत, ते फुटतात. ते वेगळ्या डब्यात साठवून ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावेत.