शाल, श्रीफळ आणि बंद पासवर्ड

31 मे ही आपल्या शाळा-महाविद्यालयांतली सामुदायिक निवृत्तीची तारीख आहे. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? आई सांगायची, दुष्काळाच्या आधीचा, किंवा रमजानच्या आसपासचा. गुरुजी रजिस्टरात 1 जून लिहून मोकळे व्हायचे. एक तारखेला जन्मलेला नोकरदार आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून 31 मेला गावोगावी शाल, श्रीफळ आणि भाषणं. 'सरांचं मार्गदर्शन संस्थेला यापुढेही लाभत राहो' हे वाक्य प्रत्येक भाषणात असतं.

त्यानंतर काही दिवसांत संगणक विभागात एक यादी निघते आणि सरांचं खातं बंद होतं. ईमेल बंद, ड्राइव्ह बंद, ग्रंथालयाचं लॉगिन बंद. मार्गदर्शन लाभत राहो म्हणणारे आणि खातं बंद करणारे एकाच इमारतीत बसतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. निवृत्त माणसाचे अधिकार संस्थेने काढून घ्यावेत, त्याच दिवशी काढावेत. गुण भरायची प्रणाली, परीक्षेचे पेपर, प्रवेशाची माहिती, पगारपत्रकं, यांच्याशी त्याचा 1 जूनला काही संबंध उरत नाही. पण अधिकार वेगळे आणि माणसाचा पत्ता वेगळा. त्याने तीस वर्षं लिहिलेलं, जमवलेलं त्याहूनही वेगळं. आपल्याकडे या तिन्हींना एकच कुलूप लावतात आणि किल्ली फेकून देतात.

हे अचानक का वाढलं, तेही पाहू. 2020 च्या टाळेबंदीत सगळं शिक्षण या खात्यांवर गेलं. तेव्हा गुगलकडून शिक्षणसंस्थांना जागा फुकट होती आणि तिला मर्यादा नव्हती. संस्थांनी कर्मचाऱ्यांना सांगितलं, सगळं इथेच ठेवा, इथूनच पाठवा, खासगी ईमेल वापरू नका. लोकांनी ऐकलं. फेब्रुवारी 2021 मध्ये गुगलने अमर्याद जागा संपल्याचं जाहीर केलं. जुन्या ग्राहकांसाठी जुलै 2022 पासून एका संस्थेला मिळून 100 टेराबाइट, त्यापुढे पैसे. मायक्रोसॉफ्टनेही 2023 मध्ये तोच आकडा जाहीर केला. मग जगभर विद्यापीठांनी आवराआवर सुरू केली. आवरताना पहिला हात कुणाच्या सामानावर पडतो? शिकून गेलेल्या मुलांच्या आणि निवृत्तांच्या. कारण बैठकीत त्यांची खुर्ची नसते.

जागेचं कारण मला फारसं पटत नाही. गुगलनेच तेव्हा सांगितलं होतं की 100 टेराबाइटमध्ये दहा कोटींहून जास्त दस्तऐवज मावतात, किंवा चार लाख तासांचे व्हिडिओ. म्हणजे जागा कोण खातं ते उघड आहे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाची आयुष्यभराची टिपणं एका वेबिनारच्या चित्रफितीपेक्षा कमी जागा घेतात. आणि तो वेबिनार पुन्हा उघडून कुणी पाहिलेला नसतो, हे आपण सगळे जाणतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची 2022 ची पीएचडीची नियमावली काढून पाहा. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही, ठीक. पण आधी नोंदलेल्या विद्यार्थ्यांसाठी निवृत्तीनंतरही सहमार्गदर्शक म्हणून काम करता येतं, वयाच्या सत्तरीपर्यंत. आपल्या राज्यात महाविद्यालयातला प्राध्यापक साठाव्या वर्षी निवृत्त होतो. म्हणजे आयोग म्हणतो अजून दहा वर्षं शिकवा, आणि संगणक विभाग म्हणतो तुम्ही आमचे कोण? विद्यार्थी प्रकरणाचा कच्चा मसुदा पाठवतो, तो परत येतो. 1 जानेवारी 2025 पासून केंद्राने 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना सुरू केली, त्यात सरकारी संस्थांना हजारो नियतकालिकं खुली झाली. पण ती संस्थेच्या दारातून. दाराबाहेरचा सहमार्गदर्शक आपल्या विद्यार्थ्याला म्हणतो, बेटा, तो लेख जरा उतरवून मला व्हॉट्सअॅपवर टाक.

आता आपल्या लोकांबद्दल. मराठी मुसलमानांच्या लेखनाला मोठ्या संस्थांचा आधार कधी फारसा नव्हता. आपल्या संस्था म्हणजे आपली माणसं, आणि ती बहुधा निवृत्त माणसं. करमाळा आमच्या जामखेडच्या शेजारचा तालुका. तिथले यू. म. पठाण मराठवाडा विद्यापीठात मराठी विभागाचे प्रमुख होते, 1990 साली पुण्याच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि विद्यापीठ सुटल्यावरही संतसाहित्यावर लिहीत राहिले. त्याच 1990 साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष फकरुद्दीन बेन्नूर. ते संगमेश्वर महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत. 2018 साली गेले तोवर ते लिहितच होते. नोकरीत असताना तास, परीक्षा, समित्या यांतून वेळ कुठे मिळतो? खरं काम नोकरी संपल्यावरच होतं. या पिढीचा पत्रव्यवहार कागदावर होता. टपाल घरी येत होतं, पेट्या घरात होत्या. कॉलेजच्या लेखनिकाने 31 मेला घरी येऊन पेटी उचलून नेली असती तर त्याला लोकांनी सोडलं असतं का? आज तेच घडतं. आवाज होत नाही एवढंच.

माझ्या माहितीतलं एक उदाहरण देतो. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका कॉलेजचा नाही. उर्दूचे एक प्राध्यापक नगर-बीड भागातल्या दखनीचे शब्द जमवत होते. आम्ही आसपासचे शाळामास्तर ऐकलेले शब्द त्या यादीत भरत होतो. एका रकान्यात उर्दू लिपी, दुसऱ्यात देवनागरी, तिसऱ्यात मराठी अर्थ, चौथ्यात कुठल्या गावात कुणाच्या तोंडून ऐकला. दखनीतला 'नक्को' मराठीतून गेला, 'मैंच', 'वोइच' मधला जोर देणारा 'च' तर थेट आपलाच, हे सगळे सांगतात. पण गावागावांत म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी असलेले स्वयंपाकाचे, नात्यांचे, शिव्यांचे शब्द छापील कोशांत नाहीत. श्रीपाद जोशींच्या उर्दू-मराठी शब्दकोशाला मी रोज हात लावतो, तरी म्हणतो, नाहीत. यादी सरांच्या कॉलेजच्या खात्यावर होती. सर निवृत्त झाले आणि लगेच हजला गेले. आता या प्रणालीचा एक नियम ऐका. व्यवस्थापकाने खातं पुसलं की ते वीस दिवसांच्या आत परत आणता येतं. त्यानंतर नाही. मालकी आधी दुसऱ्या कुणाच्या नावावर केली नसेल तर ज्यांना ज्यांना फाइल वाटली होती त्या सगळ्यांकडूनही ती जाते. हजचा प्रवास चाळीस दिवसांचा. पूर्वसूचना आली होती म्हणतात, पण ती त्याच खात्यावर. आज एकाकडे काही छापील पानं आहेत, अलिफपासून दालपर्यंत.

आता समोरची बाजू. संगणक विभागातली माणसं दुष्ट नाहीत, त्यांची भीती खरी आहे. वापरात नसलेलं खातं म्हणजे उघडं खिडकीचं दार. कुणीतरी पासवर्ड चोरतो आणि 'प्राचार्य' म्हणून चाळीस जणांना पैसे मागणारं पत्र पाठवतो. माणूस वारला आणि खातं चालूच राहिलं, असंही होतं. कबूल. पण सरकार दर नोव्हेंबरला लाखो निवृत्तांकडून हयातीचा दाखला घेतंच. 2014 पासून 'जीवन प्रमाण'वर बोट टेकवून, आता चेहरा दाखवूनही तो देता येतो. निवृत्तिवेतनासाठी म्हातारा जिवंत आहे की नाही हे वर्षातून एकदा तपासता येतं, मग ईमेलसाठी का नाही? वर्षातून एकदा हजेरी लावली तर खातं चालू, नाही लावली तर आधी गोठवायचं, मग बंद. यात कसलं अवघड तंत्रज्ञान आहे?

आणि कागदाला आपण जेवढी इज्जत देतो तेवढी तरी द्या. आपल्या सरकारी कार्यालयांत अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग करतात. 'अ' वर्गाचा कागद कायम जपायचा, 'ड' वर्गाचा वर्षभराने नष्ट करायचा. रद्दीतल्या रद्दी कागदालाही आपल्याकडे एक वर्षाचं आयुष्य आहे. विभागप्रमुखाने पंधरा वर्षं चालवलेल्या पत्रव्यवहाराला वीस दिवस.

'डाउनलोड करून घ्या ना' हे उत्तर मला सगळ्यात जास्त चीड आणतं. काय मिळतं डाउनलोड करून? सगळी पत्रं एका एमबॉक्स फाइलमध्ये गाठोडं बांधून येतात, जी घरच्या संगणकावर डबल क्लिक करून उघडत नाही. उर्दूवाल्यांचं आणखी एक दुखणं. जुनं सगळं काम इनपेजमध्ये आहे. ते त्या सॉफ्टवेअरशिवाय वाचता येत नाही, आणि ते सॉफ्टवेअर असतं विभागातल्या त्या एका संगणकावर, जिथे आता सरांना बसता येत नाही. मराठीवाल्यांचंही श्री-लिपीतल्या जुन्या फाइलींबाबत हेच. साठीच्या माणसाला एकट्याने हे जमवायला सांगणं म्हणजे घर खाली करायला सांगून हमाल न देणं.

आपल्याकडे अमानत हा शब्द आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे ठेवायला आली की ती त्याच्या हातात परत देईपर्यंत आपण जबाबदार. संस्थेने स्वतःच सांगितलं होतं, सगळं इथेच ठेवा. मग परत देण्याची जबाबदारी ठेवणाऱ्यावर ढकलता येत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. हा प्रश्न उचलला की कुणीतरी म्हणेल, ठीक आहे, मानद प्राध्यापकांना पत्ता राहू देऊ. नको. मोठ्या नावांना सवलत आणि बाकीच्यांना रस्ता, हे मान्य करू नका. ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक, आस्थापना विभागातला लेखनिक यांचंही बँकेचं, आयकराचं, भविष्यनिर्वाह निधीचं लॉगिन त्याच ईमेलला जोडलेलं असतं. पासवर्ड विसरला की नवा पासवर्ड बंद खात्यावर जातो. पीएचडी असलेल्या माणसाला निदान कुणाला फोन करायचा ते माहीत असतं. लेखनिक जामखेडहून अर्धा दिवस एसटीने पुण्याला जातो आणि खिडकीवर ऐकतो, तुम्ही आता सिस्टीममध्ये नाही.

मागणी मोठी नाही. निवृत्तीच्या आदेशासोबत लेखी कळवा की खात्याचं काय होणार, कोणत्या तारखेला. ती सूचना घरच्या पत्त्यावर आणि मोबाइलवर द्या. सहा महिने आधीपासून विभागातल्या एका माणसाने सोबत बसून सामान हलवायला मदत करावी, सामायिक फाइलींची मालकी विभागाच्या नावावर करून घ्यावी. पत्ता चालू ठेवा, त्याची जागा हवी तर पाच गिगाबाइटवर आणा. ज्यांच्याकडे पीएचडीचे विद्यार्थी आहेत त्यांचं ग्रंथालयाचं लॉगिन विद्यार्थी सुटेपर्यंत राहू द्या. ना-देय दाखल्यावर ग्रंथालय, प्रयोगशाळा, लेखा यांच्या सह्या घेता तशी संगणक विभागाचीही घ्या, आणि तिथे लिहा: संस्थेकडे या व्यक्तीचं काही देणं बाकी नाही.

2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे अधिसभेत शिक्षकांचे आणि नोंदणीकृत पदवीधरांचे निवडून दिलेले प्रतिनिधी बसतात. निवडणूक आली की त्यांच्या गाड्या आमच्या तालुक्यापर्यंत येतात, चहा होतो, हातात छापील जाहीरनामा पडतो. पुढच्या खेपेला चहा घ्या आणि विचारा, 31 मेनंतर आमचं खातं किती दिवस? नियम कुठे लिहिलाय ते दाखवा. दाखवता आला नाही तर त्यांच्याच जाहीरनाम्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तो लिहून द्यायला सांगा, सहीसकट.