कफील डोक्यातून कधी जाणार?

२०२५ च्या रमजानमधली गोष्ट. तरावीह संपवून घरी आलो तर भाचा ओट्यावर बसलेला. हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेला एक कागद. म्हणाला, "मामू, काम झालं. कॅनडाच्या कंपनीचं लेटर आलं."

मी कागद वाचला. भाचा एम.कॉम. आहे, आठ वर्षं आखातात एका व्यापाऱ्याचे हिशेब सांभाळून परतलेला. लेटरात मात्र त्याला एका रेस्टॉरंटचा सुपरवायझर नेमलं होतं. या एका कागदाचे एजंटाने साडेतीन लाख घेतले होते. व्हिसा लागल्यावर आणखी सहा लाख द्यायचे ठरलं होतं. माझ्या बहिणीच्या बांगड्या त्यात गेल्या होत्या.

"हे लेटर तुला कशाला हवं होतं?" मी विचारलं.

नमाजला वजू कशाला लागतो असं विचारल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. "मामू, कुणी बोलावल्याशिवाय कसं जाणार? कफील नको?"

माझं भांडण या एका वाक्याशी आहे.

आखाताचे उपकार मी नाकारत नाही. खेड, चिपळूण, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन, कुठेही जा, घरं, मशिदी, शाळा आखाताच्या पैशावर उभ्या आहेत. पण त्या पैशाबरोबर एक सवयही घरात आली. परदेशात राहण्याची परवानगी कायद्याकडून मिळत नाही, ती एका माणसाकडून मिळते, असं आपण धरून बसलो. पासपोर्ट कफीलच्या कपाटात, नोकरी बदलायची तर त्याची मर्जी, नोकरी गेली की इकामाही गेला. सौदीने जुलै २०१७ पासून कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला १०० रियाल लावले आणि दरवर्षी वाढवत ते २०२० पर्यंत ४०० वर नेले, तेव्हा वर्षानुवर्षं तिथे राहिलेल्या किती घरांनी बायकामुलांना गावी पाठवलं ते आपण पाहिलंय. कुणी तक्रारही केली नाही. पाहुण्याने कसली तक्रार करायची? अलीकडे काही नियम सैल झाले. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलायला जुन्या मालकाची परवानगी लागण्याची अट काढली. पण साध्या पगारदाराला कायमचं राहू देण्याची गोष्ट तिथे आजही नाही.

आता दुसरा रस्ता बघा. कॅनडाने १९६७ मध्ये गुणांची पद्धत आणली. २०१५ पासून त्यासाठी एक्सप्रेस एन्ट्री नावाची ऑनलाइन रांग आहे. त्यातल्या फेडरल स्किल्ड वर्कर या वर्गात १०० पैकी ६७ गुण लागतात. भाषेला २८, शिक्षणाला २५, अनुभवाला १५, वयाला १२, जुळवून घेण्याच्या शक्यतेला १० आणि तिथल्या नोकरीला १०. शेवटचे दहा पूर्ण सोडून दिले तरी ६७ होतात. ऑस्ट्रेलियाचा १८९ क्रमांकाचा व्हिसाही असाच आहे. वय ४५ च्या आत, कौशल्याची तपासणी झालेली, किमान ६५ गुण, आणि सरकारकडून आमंत्रण. कफीलसाठी त्या फॉर्मात रकानाच नाही.

म्हणजे हा रस्ता सोपा आहे असं मी म्हणत नाही. ६७ गुणांनी फक्त रांगेत उभं राहता येतं. त्यापुढे १२०० गुणांची दुसरी मोजणी असते, आणि वरून जे येतील त्यांनाच बोलावणं जातं. अलीकडे ही बोलावणी मुख्यतः कॅनडातच काम केलेल्यांना, एखाद्या प्रांताने निवडलेल्यांना, फ्रेंच येणाऱ्यांना आणि आरोग्यक्षेत्रातल्यांना मिळाली. बाहेरून अर्ज करणाऱ्या साध्या अकाउंटंटला आज वाट अवघड आहे. हे त्याला कुणीतरी तोंडावर सांगायला हवं होतं. एजंटाने ते सांगितलं नाही, कारण ते सांगण्याचे पैसे मिळत नाहीत.

आणि लेटरचं म्हणाल तर आणखी ऐका. पूर्वी मान्यताप्राप्त नोकरीला त्या १२०० च्या मोजणीत ५० गुण मिळत, वरिष्ठ व्यवस्थापकाला २००. म्हणून अशा लेटरांचा बाजार भरला. तो मोडायला कॅनडा सरकारने २५ मार्च २०२५ पासून हे गुणच काढून टाकले. निर्णय डिसेंबर २०२४ मध्येच जाहीर झाला होता. माझ्या भाच्याने पैसे भरले फेब्रुवारीत. ज्या गुणांसाठी बांगड्या विकल्या ते गुण त्याच रमजानमध्ये रद्द झाले, आणि ते होणार हे एजंटाला ठाऊक नव्हतं यावर माझा विश्वास नाही.

मी हे बोललो तेव्हा उत्तर ठरलेलं होतं, "मामू, सगळेच असं करतात." इथे तर मी अजिबात गप्प बसणार नाही. जे काम तू करणार नाहीस ते करणार असं कागदावर लिहून सही करणं ही खोटी साक्ष आहे. खोटी साक्ष आपल्याकडे मोठ्या गुन्ह्यांत मोजतात, हे जुम्याच्या खुतब्यात आपण कितीदा ऐकलंय. तीच गोष्ट बँकेत दाखवायच्या पैशांची. ही रक्कम दुसऱ्याकडून उसनी आणलेली चालत नाही, मागच्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक दाखवावी लागते. तरी कमिशनवर चार दिवस खात्यात पैसे ठेवून देणारे आहेतच. व्याज नको म्हणून बँकेचं कर्ज न घेणारा माणूस हा व्यवहार मात्र बिनदिक्कत करतो! दीन बाजूला ठेवा, फक्त दुनियेचा विचार करा. खोटं पकडलं गेलं तर पाच वर्षं अर्ज करता येत नाही. एजंटावर बंदी येत नाही, नाव तुमचं काळं होतं.

पण सगळा दोष एजंटावर ढकलून आपल्याला मोकळं होता येणार नाही. एजंट आपल्या आळसावर जगतो. गुणांच्या या पद्धतीत मालकाची शिफारस लागत नाही, कागद मात्र शंभर लागतात, आणि कागदाच्या बाबतीत आपण कमालीचे निष्काळजी आहोत. भाच्याच्या आठ वर्षांच्या अनुभवाचा पुरावा काय? लेटरहेडवर दोन ओळी, "हा मनुष्य आमच्याकडे होता, वर्तणूक चांगली." पद, कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, पगार, तारखा, काहीच नाही. इकाम्यावर पेशा लिहिलाय सेल्समन, कारण कफीलकडे तोच व्हिसा शिल्लक होता. पगाराचा अर्धा भाग रोख. दहावीच्या दाखल्यावर नावाचं एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं. आठ वर्षं या माणसाने इमानदारीने हिशेब लिहिले, फक्त स्वतःचा हिशेब लिहून घेतला नाही.

कुरआनातली सर्वांत लांब आयत कोणती? सूरह बकराची २८२ वी. ती आहे देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल, लिहिणाऱ्याबद्दल, साक्षीदारांबद्दल. ती आयत पाठ असलेली मुलं आपल्या मोहल्ल्यात आहेत. नोकरी सोडताना नीट अनुभवपत्र मागून घेणारी किती आहेत?

आता शेवटचा मुद्दा, यावर बरेच जण नाराज होतील. भाच्याची बायको बी.एस्सी. नर्सिंग आहे. वय २९, पाच वर्षं एका रुग्णालयात कामाला, पगार बँकेत जमा, इंग्रजी नवऱ्यापेक्षा बरं. भाचा ३६ चा. १२०० च्या मोजणीत जोडीने अर्ज केला तर वयाचे त्याला ६५ गुण, तिला पूर्ण १००. जोडीदाराकडून जास्तीत जास्त ४० गुण मिळतात, बाकी सगळा भार मुख्य अर्जदारावर. मुख्य अर्जदार नवराच हवा असा नियम कुठेही नाही. शिवाय परिचारिकांसाठी आरोग्यक्षेत्राच्या वेगळ्या फेऱ्या होतात. असं असताना साडेनऊ लाखांचा सौदा करण्यापूर्वी घरात बसलेल्या या शिकलेल्या मुलीचं नाव कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मी ते काढलं तेव्हा बहीण म्हणाली, "बायकोच्या व्हिसावर गेला, असं लोक म्हणतील."

म्हणजे अनोळखी मालकाच्या नावावर, खोट्या कागदावर गेलेलं चालतं. निकाह केलेल्या बायकोच्या खऱ्या गुणांवर गेलेलं चालत नाही. ही कसली इज्जत? हजरत खदीजा यांच्या व्यापाराचा माल घेऊन रसूलुल्लाह शामला गेले होते, हे मुलांना मदरशात आपणच शिकवतो ना?

पैसे परत आले नाहीत. एजंट फोन उचलतो आणि प्रत्येक वेळी पुढची तारीख देतो. पण भाच्याच्या बायकोने भाषेच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केला आहे. डिग्रीची तपासणी करायला कागद पाठवलेत. प्रोफाइल तिने स्वतःच भरायचं ठरवलंय, ते भरायला सरकार पैसे घेत नाही. बोलावणं येईल की नाही, मला माहीत नाही. आलं तरी तिथे परिचारिका म्हणून काम करायला प्रांताची वेगळी नोंदणी लागेल, हेही मी तिला सांगून ठेवलंय. तिने ते वहीत लिहून घेतलं.

जमातींना माझी एकच विनंती आहे. हॉलला एसी बसवण्याआधी एक टेबल मांडा. जुम्यानंतर तासभर कुणी शिकलेला मुलगा किंवा मुलगी तिथे बसेल, लोकांच्या नावांची स्पेलिंगं तपासेल, अनुभवपत्रात काय काय हवं ते सांगेल, एजंटाचं लेटर वाचून देईल. यात कुणाला परदेशी जायचं नसेल तरी काही वाया जाणार नाही. कागद इथेही लागतातच, आणि आजच्या दिवसांत आपल्याला तर जरा जास्तच लागतात.