राजाश्रयाची किंमत

निवडणुका जवळ आल्या की आपल्या चर्चच्या आवारात वर्दळ वाढते. एरवी ज्यांना मिस्साची वेळही ठाऊक नसते, अशी मंडळी सणाच्या दिवशी पहिल्या बाकावर येऊन बसतात. कुणी मंडपाचा खर्च उचलतो, कुणी दफनभूमीला कुंपण घालून देण्याचे आश्वासन देतो, कुणी आवारात फरशी बसवून तीवर स्वतःच्या नावाची पाटी लावतो. आपण त्यांना हार घालतो, वेदीजवळून त्यांचे आभार मानतो आणि मनाची समजूत घालतो, की आपण अल्पसंख्य. कुणाचा तरी आधार हवाच!

या आधाराची खरी किंमत किती, हे जाणून घेण्यासाठी रोमन सम्राटांच्या काळात जाण्याचे कारण नाही. आपल्याच वाडवडिलांनी चार शतके ती मोजली आहे. त्या व्यवहाराचे नाव होते पाद्रोआदो.

पंधराव्या शतकात परमगुरूंनी पोर्तुगालच्या राजाशी जणू एक करारच केला. निकोलस पाचवे यांचे १४५५ चे आज्ञापत्र हा त्यातील एक महत्त्वाचा टप्पा. राजाने नव्या प्रदेशांत चर्चेस बांधावीत, धर्मगुरूंना वेतन द्यावे, मिशनऱ्यांना गलबतांतून न्यावे; आणि त्याबदल्यात तेथील बिशपांची नावे राजानेच सुचवावीत! गोव्याचा धर्मप्रांत ३ नोव्हेंबर १५३४ च्या आज्ञापत्राने उभा राहिला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात वसई पोर्तुगीजांच्या हाती आली. क्रूस आणि राजध्वज एकाच गलबतातून किनाऱ्याला लागले. त्या दिवसापासून आपल्या लोकांना या दोहोंतील भेद सांगणे कठीण झाले, आणि आपल्या शेजाऱ्यांना तर अधिकच कठीण झाले. आजही कुणी आपल्याला 'पोर्तुगीजांची पिल्ले' म्हणून हिणवतो, तेव्हा त्या जुन्या कराराचे व्याज आपण फेडत असतो.

राजाच्या हाती बिशपांची नेमणूक गेली, म्हणजे काय झाले? १६४० साली पोर्तुगालने स्पेनचे जोखड झुगारले. स्पेनच्या दबावामुळे रोमने नव्या पोर्तुगीज राजाला मान्यता दिली नाही, आणि त्याने सुचवलेल्या बिशपांनाही नाही. १६६८ मध्ये त्या दोन राज्यांत तह होईपर्यंत हे घोंगडे भिजत पडले. दोन राजांचे भांडण युरोपात आणि बिशपांची आसने रिकामी आपल्याकडे! ज्या मेंढरांसाठी मेंढपाळ नेमायचा, त्यांचा या भांडणाशी संबंध तरी काय होता?

दिवाडी बेटावरच्या मातेउश दे कास्त्रो यांची कथा तर प्रत्येक ख्रिस्ती घरात माहीत असायला हवी. गोव्यात त्यांना गुरुदीक्षा मिळेना. ते रोमला गेले, तेथे धर्मगुरू झाले आणि १६३७ साली बिशपही झाले. रोमने १६२२ मध्ये स्थापन केलेल्या प्रोपागांडा या धर्मप्रसार मंडळाला राजाच्या मध्यस्थीवाचून काम करायचे होते. कास्त्रो हे त्या प्रयत्नाचे पहिले भारतीय फळ. परंतु मायभूमीत परतल्यावर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांचा अधिकार मानला नाही. त्यांना राहावे लागले ते आदिलशाहीच्या मुलखात, डिचोलीला. एका कॅथोलिक बिशपाला कॅथोलिक राजाच्या राज्यापेक्षा मुसलमान सुलतानाच्या राज्यात अधिक मोकळा श्वास घेता यावा, याहून राजाश्रयाची कडवी टीका दुसरी कोणती असेल?

राजा देतो तेव्हा परत घेण्याचा अधिकारही आपल्याकडे ठेवतो. १७५९ मध्ये पोंबालने जेजुइटांना पोर्तुगीज मुलखातून हद्दपार केले. पुढे १८३४ साली पोर्तुगालने व्रतस्थांचे संघच बरखास्त केले आणि लवकरच गोव्यातील मठ ओस पडले. जुन्या गोव्यात ऑगस्टिनियनांच्या मनोऱ्याचे अर्धे अंग आजही आभाळात उभे आहे. ते मठ कोणत्याही परधर्मीय आक्रमकाने रिकामे केले नाहीत. ज्या सिंहासनाच्या आधाराने ते उभे राहिले, त्याच सिंहासनाच्या हुकुमाने ते रिकामे झाले.

आणि मुंबई? तेथे तर प्रॉटेस्टंट व्यापाऱ्यांची कंपनी कॅथोलिकांचा धर्माधिकार वाटू लागली. १७२० साली तिने पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना बेटाबाहेर काढले व प्रोपागांडाच्या कार्मेलाइटांना आणले. १७९४ मध्ये तिने चर्चेसची वाटणी केली: काही पाद्रोआदोकडे, काही प्रोपागांडाकडे. एकच पोप, एकच मिस्सा, एकच श्रद्धा. पण अधिकार दोन. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बिशप हार्टमन यांनी स्वतःला कोंडून घेतले, बाहेर विरोधी पक्षाच्या भाविकांनी वेढा दिला आणि अखेर सरकारी अधिकाऱ्यांना मध्ये पडावे लागले. ज्या दारातून क्षमेसाठी आत जायचे, त्याच दाराला कॅथोलिकांनी कॅथोलिकांविरुद्ध वेढा घातला!

या दुहीवर १९२८ साली तोडगा निघाला, तोही पाहण्याजोगा. मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश असावेत, असे ठरले. भारतीय माणसाचा त्यात विचारच नव्हता. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, तरी हा करार जिवंत होता. ही बेडी तुटली ती एका इंग्रजाच्या त्यागामुळे. आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी १९४६ मध्ये धर्मप्रांताचा कारभार साहाय्यक बिशप व्हॅलेरियन ग्रेशस यांच्या हाती सोपवून मुंबई सोडली. १९५० च्या जुलैमध्ये पोर्तुगालने आपला हक्क सोडला, त्याच वर्षी ग्रेशस आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल. रॉबर्ट्स यांनी खुर्ची सोडून धर्माधिकाराची जी शान वाढवली, ती खुर्च्या टिकवणाऱ्या कितीकांना वाढवता आली?

यावर कुणी म्हणेल, "राजा नसता तर आपण ख्रिस्ती झालो असतो का?" हा प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला टाळणे बरे नाही. राजाच्या गलबतातून श्रद्धा आली, हे खरे. पण ती टिकली कशाने? १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. किल्ला गेला, तनखे गेले, कप्तान गेला. किल्ल्यातली भव्य चर्चेस ओसाड झाली. परंतु गावोगावच्या घरांतील सायंकाळची रोझरी थांबली नाही. राजाश्रय संपल्यावरही श्रद्धा उरली, म्हणूनच ती राजाची नव्हती, आपली होती, असे आज आपण ताठ मानेने म्हणू शकतो.

ख्रिस्तसभेनेही हा धडा गिरवला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट केले, की ख्रिस्तसभा आपली आशा राज्यसत्तेने दिलेल्या सवलतींवर ठेवत नाही. १९८३ च्या कॅनन लॉने यापुढे बिशपांच्या निवडीचे हक्क कोणत्याही सरकारला न देण्याचे ठरवले आणि धर्मगुरूंना राज्यसत्तेची पदे घेण्यास मनाई केली. असे असूनही २०१८ मध्ये व्हॅटिकनने बिशपांच्या नेमणुकीसंबंधी चीनच्या सरकारशी तात्पुरता करार केला. २०२४ मध्ये त्याची मुदत आणखी चार वर्षांनी वाढवली. त्याचा मजकूर प्रसिद्ध झालेला नाही. दुभंगलेल्या कळपाला एकत्र आणण्याचा हेतू थोर असेल. पण पाद्रोआदोची झळ सोसलेल्यांच्या वंशजांना त्याची धास्ती वाटली, तर तो श्रद्धेचा अभाव नव्हे. तो अनुभवाचा आवाज आहे.

मग ख्रिस्तसभेने राजकारणाविषयी मौन पाळावे काय? मुळीच नाही. सत्तेच्या मांडीवर बसणे वेगळे आणि सत्तेसमोर उभे राहणे वेगळे. वसईच्या जमिनी गिळू पाहणाऱ्यांविरुद्ध हरित वसईच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो लोकांबरोबर उभे राहिले, तेव्हा त्यांनी कुणाकडे पद मागितले नाही. म्हणूनच त्यांचा शब्द चर्चच्या भिंतींपलीकडे, सर्व धर्मांच्या माणसांपर्यंत पोचला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने हेरोदाला खडसावले, कारण तो हेरोदाच्या पंगतीला बसलेला नव्हता.

राहता राहिला अल्पसंख्य असण्याचा प्रश्न. संविधानाच्या २५ व्या कलमाने आपल्याला धर्मस्वातंत्र्य दिले आहे, ३० व्या कलमाने शाळा चालवण्याचा हक्क दिला आहे. हक्क अर्ज करून, गरज पडल्यास न्यायालयात जाऊन मागावा. त्यासाठी कुणाच्या गळ्यात हार घालावा लागत नाही. मेहेरबानी मात्र हात जोडून घ्यावी लागते, आणि पुढच्या निवडणुकीत फेडावी लागते.

म्हणून धर्मग्रामातील बंधुभगिनींपुढे मी तीन साध्या सूचना ठेवतो. चर्चच्या आवारात कोणत्याही पुढाऱ्याच्या नावाची पाटी लागू नये. वेदीवरून कोणत्याही उमेदवाराची स्तुती वा निंदा होऊ नये. आणि दफनभूमीचे कुंपण आपण आपल्या वर्गणीतून बांधावे. दोन वर्षे उशीर झाला तरी चालेल. पुढच्या पॅरिश कौन्सिलच्या सभेत हा विषय कुणी तरी मांडावा. कुणीच मांडला नाही, तर मी मांडणार आहे.