न्यायासनावरील गृहीतके

यशवंतपूरच्या बाजार समितीत नाशिक-नगरचा कांदा उतरतो आणि तेथील स्थानकावरून दिल्लीची संपर्क क्रांती सुटते. बंगळूरच्या या भागात पोटापाण्यासाठी आलेल्या मराठी माणसाला वस्तीवर शिक्का बसणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. यशवंतपूरच्या दक्षिणेस काही किलोमीटरवर असलेल्या मुस्लिमबहुल गोरीपाळ्यावर असा शिक्का २०२४ मध्ये बसला, आणि तोही उच्च न्यायालयाच्या आसनावरून.

एका सुनावणीच्या ओघात कर्नाटक उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती वेदव्यासाचार श्रीशानंद यांनी गोरीपाळ्याचा उल्लेख ‘पाकिस्तान’ असा केला. चित्रफीत सर्वत्र पसरल्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय पीठाने २० सप्टेंबर रोजी स्वतःहून दखल घेतली. न्यायमूर्तींनी भर न्यायालयात खेद व्यक्त केला आणि २५ सप्टेंबर रोजी प्रकरण मिटले. देशाच्या कोणत्याही भागाला पाकिस्तान म्हणता येणार नाही, हे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी सुनावलेले वाक्य गाजले. न्यायाधीशाने स्वतःच्या पूर्वग्रहांची जाणीव ठेवली पाहिजे, हा त्याच वेळी मांडलेला मुद्दा मात्र मागे पडला. वास्तविक खरा प्रश्न तोच होता.

न्यायाधीश घर, जात, भाषा आणि धर्म बाहेर ठेवून आसनावर बसतो, हा संकेत आहे, वस्तुस्थिती नव्हे. प्रश्न एवढाच की, ही शिदोरी पुरावा समजून घेण्यासाठी वापरली जाते की पुराव्याऐवजी.

कॅनडात हा वाद १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. नोव्हा स्कॉशियातील कृष्णवर्णीय न्यायाधीश कोरीन स्पार्क्स यांनी एका कृष्णवर्णीय मुलाची निर्दोष मुक्तता करताना, पोलीस गोऱ्येतरांशी अतिरेकाने वागल्याचे प्रकार घडलेले आहेत, असे म्हटले. हा पक्षपात असल्याचा आक्षेप बहुमताने फेटाळला गेला. समाजाचे ज्ञान असणे हा दोष नाही आणि निकाल साक्षीदारांच्या विश्वासार्हतेवरच दिलेला आहे, हा त्या निर्णयाचा आशय.

महाराष्ट्राला याची उलटी बाजू ठाऊक आहे. देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात अंगावर जखमा नव्हत्या. त्याच पुराव्यात नागपूर खंडपीठाला भीतीपोटीची शरणागती दिसली, तर सर्वोच्च न्यायालयाला १९७८ मध्ये संमती! पोलीस ठाण्यात, रात्री, एका गरीब मुलीने आरडाओरडा करायला हवा होता, ही अपेक्षा कायद्याच्या कोणत्या कलमातून आली होती? उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रात नेमके हेच विचारले. संसदेने १९८३ मध्ये कायदा बदलला. गृहीतक मात्र टिकून राहिले. जून २०२० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्याच एका जामीन आदेशात, अत्याचारानंतर थकून झोपी जाणे भारतीय स्त्रीला शोभत नाही, असा शेरा उमटला. तो नंतर वगळावा लागला.

यावर न्यायवृंदात सर्व समाजघटक आणावेत, हा उपाय संसदेत वारंवार सुचविला जातो. सरकारने मार्च २०२५ मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार २०१८ पासून नियुक्त झालेल्या ७१५ उच्च न्यायालयीन न्यायाधीशांपैकी अनुसूचित जातींचे २२, जमातींचे १६, इतर मागासवर्गीय ८९ आणि अल्पसंख्याक ३७ होते. हे आकडे लाजिरवाणे आहेत. तथापि ओळखीवरून निकालाचे भाकीत करणारे फसतात. हिजाबबंदी उचलून धरणाऱ्या मार्च २०२२ च्या कर्नाटकातील एकमुखी निकालात न्यायमूर्ती जे. एम. खाजी या मुस्लिम महिला न्यायाधीश सहभागी होत्या. अनुसूचित जातींनाही ‘क्रीमी लेयर’चा निकष लावावा, असे मत ऑगस्ट २०२४ मध्ये अमरावतीचे भूषण गवई यांनी नोंदविले. विविधतेचा लाभ निकाल ठरविण्यात नसून, शेजारी बसलेल्याचे गृहीतक अडविण्यात आहे.

एकल पीठात मात्र शेजारी कोणी नसतो. शिवाय अपील लेखी आदेशाविरुद्ध होते, तोंडी उद्गाराविरुद्ध नाही. गोरीपाळ्याचा उल्लेख उघड झाला तो केवळ थेट प्रक्षेपणामुळे. त्या वादानंतर प्रक्षेपणच थांबवावे, अशी मागणी बंगळूरच्या वकीलवर्गातून पुढे आली आणि २४ सप्टेंबर रोजी उच्च न्यायालयाने अशा चित्रफितींच्या प्रसारावर निर्बंध घातले. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने, यावरचा उपाय दारे बंद करणे हा नव्हे, असे स्पष्ट केले.